पहिलं नाव काशिरामचं

गव्हाणच्या घरी दीड दिवसाचा गणपती. दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं आटोपली की काशिराम आणि जीवन हे दोघे भाऊ पडवीत चटई टाकून बसत आणि जगभरातले कसोटी क्रिकेटपटू आपसात वाटून घेत. एक नाव याने घ्यायचं, एक त्याने. एकाने घेतलेलं नाव दुसऱ्याला बंद. अकरा-अकरा झाले की दोन संघ तयार, आणि मग कुणाचा संघ जिंकेल यावरून आरतीपर्यंत भांडण. नुसते टोले हाणणारे वनडेवाले चालत नसत. पाच दिवस उन्हात टिकेल तोच आपला. जमिनीची वाटणी झाली तेव्हा या घरात आवाज चढला नव्हता, पण लक्ष्मण कुणाचा यावरून एकदा दोघे दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते.

खेळाचा एक नियम त्यांच्या आईने, ठमाबाईने, दोघे चड्डीत होते तेव्हाच घालून दिला होता. पहिलं नाव मोठ्याचं. आंब्याची फोड असो, अंगणातली बॅटिंग असो, आधी काशिराम. त्यामुळे दरवर्षी काशिराम मांडीवर थाप मारून ‘सचिन’ म्हणे आणि जीवन दातओठ खात लारा घेई. लारा काही कमी नव्हता, हे जीवनलाही कळत होतं. पण ज्याने सचिनवर जीव टाकला त्याने दरवर्षी लाराचं कौतुक करत बसायचं, हा कुठला न्याय? जीवनला पनवेलला बँकेत नोकरी लागली, खांदा कॉलनीत त्याने स्वतःचं घर घेतलं, डोक्यावरचे केस मागे सरकले, तरी त्याच्या संघातून सचिन एकदासुद्धा खेळला नव्हता.

आणि त्या भाद्रपदात, सचिन दोनशेव्या कसोटीच्या तोंडावर आलेला असताना, जीवन सकाळपासूनच पेटलेला होता. कारण मात्र सचिन नव्हता.

झालं होतं असं, की सकाळी चहा देताना वहिनी, म्हणजे काशिरामची बायको कृष्णाबाई, अगदी सहज बोलून गेली होती. ‘‘दसऱ्याला आमी उलव्याच्या नव्या घरात जातो ना भावजी, मंग पाट पन आजच तिकडं ठेवू म्हंतान हे. पुढल्या वर्षी गनपती तिकडंच. आईंना पन बरं, लिफ्ट हाय.’’

जीवनच्या हातातला कप तिथल्या तिथे थांबला. गणपती बुडवला की ज्या पाटावरून त्याला नेलं तो पाट, त्यावर पाण्याकाठची मूठभर वाळू घेऊन, घरी परत आणायचा. त्या पाटाची पूजा ज्या घरात होईल, पुढच्या वर्षी गणपती त्या घरी. आजोबांपासून तो पाट याच घरात परत आला होता. तो उलव्याला गेला म्हणजे हे घर गेलं. कुलूप लागणार, आणि मग जीवनने गणपतीला जायचं कुठे? तर सातव्या मजल्यावर, भावाच्या हॉलमध्ये, पाहुण्यासारखं बूट काढून. आणि हे त्याला सांगितलं कुणी, तर वहिनीने, चहाबरोबर! भाऊ तोंड शिवून बसला होता आणि आईने होकारही देऊन टाकला होता. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ती जीवनची दुपारपर्यंत तिथेच मुक्काम ठोकून होती. ऋषीपंचमीची भाजी त्याने कशी खाल्ली ते त्याचं त्याला माहीत.

जेवणानंतर काशिराम चटईवर बसला, भिंतीला पाठ टेकली आणि बडीशेप चघळत म्हणाला, ‘‘बस रं. आन हे बग, यंदा पयलं नाव तू घे.’’

स्वयंपाकघरात भांडी घासणारी कृष्णाबाईसुद्धा थबकली. ठमाबाई उंबऱ्यावर सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला.

जीवन बसलाच नाही. ‘‘का?’’

‘‘का म्हंजे? घे. तुला सचिन पायजेल ना? बारका व्हतास तवापास्न रडतंस.’’

‘‘मला सचिन देऊन गणपती नेतोस होय रे?’’

पडवीत आवाज दणदणला. रस्त्याने जाणारे दोघे आत बघून पुढे गेले.

काशिरामचं तोंड कुणी मुस्काटात मारावी तसं झालं. त्याच्या मनात खरंच तसं काही होतं की नव्हतं, देव जाणे. जीवनला विचाराल तर होतं. शंभर टक्के होतं. भाऊ म्हणून इतकी वर्षं पहिला मान उपटायचा, आणि घर बंद करायची वेळ आली की धाकट्याच्या हातावर बत्तासा ठेवायचा!

‘‘आवाज खाली कर,’’ काशिराम म्हणाला. ‘‘देव बसलाय आत.’’

‘‘बसलाय ना? मग त्याच्यासमोरच घेतो. सचिन माझा!’’ जीवन म्हणाला. ‘‘आणि द्रविडपण माझा.’’

द्रविड म्हणजे काशिरामचं दुसरं नाव, हे अख्ख्या गव्हाणला ठाऊक होतं. गावच्या संघात हा माणूस ओपनिंगला जाऊन तासभर खेळपट्टीला चिकटून बसायचा, लोक शिव्या द्यायचे, तेव्हा तो म्हणायचा, द्रविडला पन देत व्हते. जीवनने ते नाव ठरवून घेतलं होतं. लागायला पाहिजे होतं, म्हणून घेतलं होतं.

‘‘बोल की! तुझी पाळी!’’

काशिराम चटईची काडी सोलत बसला.

‘‘नाही बोलत? मग लारापण माझा. सेहवाग माझा. वॉर्न माझा.’’ जीवन पडवीत येरझारा घालू लागला. दर नावाला तो पायाने जमीन दाबत होता. ‘‘गिलख्रिस्ट. वसीम अक्रम. कॅलिस. बोल ना दादा! वाचा बसली? मॅकग्रा माझा. कुंबळे माझा!’’

‘‘जीवन,’’ ठमाबाई म्हणाली, ‘‘तो नाय खेळत. बस तू.’’

‘‘हेडन!’’ जीवन ओरडला.

मग त्याला धाप लागली. एवढा भारी संघ आजवर कुणाच्या वाट्याला आला नव्हता. वरून सेहवाग-हेडन, मधे द्रविड, सचिन, लारा, चेंडू टाकायला अक्रम आणि वॉर्न. जीवनला जन्मभर हवा होता तो संघ उभा होता आणि त्याला तो डोळ्यांपुढे आणवेना.

‘‘झाले अकरा?’’ काशिरामने शांतपणे विचारलं. ‘‘आता खेळ येकटाच.’’

‘‘खेळीन! पण गणपती इथून हलणार नाही!’’

‘‘बरं.’’ काशिराम उठून उभा राहिला. तो आता खरा चिडला होता, आणि काशिराम चिडला की आवाज चढवत नसे, बारीक करत असे. ‘‘नको हालवू. किल्ल्या देतो. ये इकडं ऱ्हायला. तुज्या बायकोला, किशोरीला आन, पोरीला आन. मंग पाट हितंच ऱ्हाईल, आन पुढल्या वर्षी मी पावना म्हनून येईन, तू वाढशील ते खाईन. बोल, येतंस?’’

‘‘पोरीची शाळा आहे...’’

‘‘खांदा कॉलनी काय लंडनला हाय? अर्ध्या तासाचा रस्ता. येतंस का?’’

‘‘किशोरीला इथे जमणार नाही. आणि माझी बँक—’’

‘‘बारा वर्षं झाली तुला जाऊन,’’ काशिराम म्हणाला. ‘‘दर पावसात कौलं मी शेकारतो. आईच्या गुडघ्याला तेल तुझी वैनी चोळते. तू येतंस चतुर्थीच्या सकाळी, मोदक खातंस, लारावरून भांडतंस आन विसर्जन झालं का पळतंस. घर पायजे तुला, पन ऱ्हायला नको. आमी हितं कुलपासारखं लटकून ऱ्हायचं व्हय रं, तुला वर्षाला येक दिवस गाव लागतं म्हनून?’’

यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि त्याचाच जीवनला आणखी संताप आला. तो आईकडे वळला. ‘‘तू तरी बोल! तुला चालतंय हे?’’

‘‘मना कोन इचारतंय?’’ ठमाबाई अडकित्ता आपटून म्हणाली. ‘‘त्यानं इचारलं, तवा हो बोलले. तू इचारलंस कवा? बारा वर्सांत येकदा तरी इचारलंस, आये, तुला न्हानीच्या पायऱ्या चढवतान का?’’

एवढं बोलून ती आत गेली. संध्याकाळी आरती झाली.

गणपती उचलायला मात्र दोघे भाऊच लागतात. जीवन फुरंगटून अंगणात उभा होता. काशिरामने पाटाची एक बाजू धरली आणि दुसऱ्या बाजूला कुणालाही येऊ न देता नुसता उभा राहिला. बेंजोवाले वाजवून वाजवून थांबले. शेवटी जीवन तणतणत आत आला आणि त्याने दुसरी बाजू धरली. गणपती काशिरामच्या टेम्पोत चढवला, पण खाडीपर्यंत त्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात दोघांनी मूर्ती तीनदा खालीवर केली, सोडली, आणि काशिरामने वाळूची मूठ ठेवलेला रिकामा पाट जीवनच्या हातात दिला. का दिला, ते सांगितलं नाही.

परतताना जीवन टेम्पोत पुढे बसला, पाट मांडीवर. वाळूचं पाणी त्याच्या पँटवर ओघळत होतं. काशिराम गाडी चालवत होता, मधे आई होती. मागे पोरं घसे फोडत होती, पुढच्या वर्षी लवकर या!

गावाच्या फाट्यावर काशिरामने गाडी उभी केली. डावीकडे गाव, सरळ उलवे. त्याने इंजिन चालूच ठेवलं आणि समोर बघत राहिला.

‘‘चल ना,’’ जीवन म्हणाला.

‘‘पाट तुज्याकडं हाय,’’ काशिराम म्हणाला. ‘‘सांग, कुठं नेऊ.’’

ठमाबाईने दुखरा गुडघा हाताने उचलून जरा सरळ केला.

जीवनच्या तोंडात ‘गाव’ शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता. त्याचाच तो हक्क होता, त्याच्याच आजोबांचं घर होतं. पण तो शब्द उच्चारला की दसऱ्यानंतर कुलूप लागलेल्या घरात त्या वाळूपुढे दिवा कोण लावणार? भावावरचा, वहिनीवरचा, आईवरचा असा सगळा राग त्याचा दिवसभर उधळून झाला होता, आणि आता ज्याच्यावर काढायचा असा एकच माणूस गाडीत उरला होता. तो स्वतः.

‘‘उलव्याला ने!’’ जीवन एवढ्या मोठ्याने ओरडला, की मागची पोरं ‘पुढच्या वर्षी’वरच गप्प झाली.