माझ्या मागच्या चाकातली घाण

मित्रांनो, सेलूच्या बाजाराच्या कडेला पत्र्याखाली एक जुनी फटफटी उभी असते, ती मी. कागदोपत्री मी मोटारसायकल आहे, पण निजामाच्या या मुलखात मला त्या नावाने कुणी कधी हाक मारली नाही. माझी हकीकत काही सुवासिक नाही. वाटलं तर नाकाला उपरणं लावा, पण ती ऐका.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. चाकाच्या मधोमध जो पोकळ भाग असतो, त्याला इकडे तुंबा म्हणतात. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या मागच्या तुंब्यात पोलादाचे छर्रे एकेक करून बोटाने बसवले. या छर्ऱ्यांवरच चाक फिरतं. मग त्याने त्यांवर मधासारखं पिवळं वंगण भरलं आणि चाक हाताने फिरवून पाहिलं. त्याचा काहीच आवाज झाला नाही, तेव्हा तो समाधानाने हसला. पुढे मी जहाजातून मुंबईला आले, तिथून आगगाडीने सेलूला, आणि सेलूहून बैलगाडीत बसून चारठाण्याला. तिथले मोठे जमीनदार आबासाहेब यांनी मला मागवलं होतं.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. दाराशी आल्याबरोबर माझ्या दिव्याला हळदकुंकू लागलं. आबासाहेब मला रोज मऊ फडक्याने पुसवून घेत. मी निघाले की रस्त्यावरची माणसं हातातलं काम टाकून बघत राहत. मला वाटलं, जन्मभर असंच चालणार.

दुसऱ्या वर्षी नव्याची नवलाई सरली. आबासाहेब पानाचा तोबरा भरून माझ्यावर बसत आणि चालवता चालवता थुंकत. ती लाल पिचकारी वाऱ्याने वळून माझ्याच अंगावर येई, वाळे, आणि कुणी धूत नसे. मला गोठ्यात उभं करू लागले, तेव्हा कोंबड्यांनी माझ्या बैठकीवर मुक्काम केला. त्यांची विष्ठा साखळीवर पडून घट्ट झाली. एकदा पावसाळ्यात आबासाहेबांनी पैजेखातर मला भरल्या ओढ्यात घातलं. गढूळ पाणी तुंब्यात शिरलं आणि वंगण वाहून गेलं. वर आल्यावर त्यांनी स्वतःचे पाय तेवढे धुतले. मी काळ्या चिखलासकट पंधरा दिवस तशीच उभी राहिले. माझी मलाच किळस येत असे.

त्यानंतर माझं मागचं चाक आवाज करू लागलं. करकर करत जायचं आणि मध्येच खट् व्हायचं.

आबासाहेबांचा माणूस सटवाजी म्हणाला, साखळी कोरडी आहे. त्याने साखळीवर एरंडेल ओतलं. आवाज गेला नाही, फक्त धूळ जास्त चिकटली. मग सेलूच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात चंद्रप्पाला बोलावणं गेलं. तो तिथली यंत्रं सांभाळायचा. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस होता, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. त्याने आधी कशालाही हात लावला नाही. बादलीभर पाणी आणून मला धुतलं. त्या दिवशी माझा त्याच्यावर जीव जडला, म्हणूनच पुढे त्याचा रागही मला जास्त आला.

धुऊन झाल्यावर त्याने साखळी उतरवली आणि चाक हाताने फिरवलं. आवाज होताच, म्हणजे दोष साखळीचा नव्हता. ब्रेक सैल केला, तरी आवाज होता. चाकाच्या तारा एकेक करून वाजवून पाहिल्या, सगळ्या ताणलेल्या होत्या. मग त्याने चाक वर-खाली धरून हलवलं, तेव्हा ते हिरडीतल्या सैल दातासारखं डुगडुगलं. शेवटी लाकडाची एक दांडी घेऊन त्याने एक टोक तुंब्यावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटून चाक हळू फिरवलं. बराच वेळ तो तसाच बसून होता.

त्याने सांगितलं, तुंबा कोरडा पडलाय, वंगण गेलंय, छर्रे गंजून फुटलेत. तुकडे अजून आत फिरत आहेत. एखादा तुकडा अडकला तर चाक जागच्या जागी बंद पडेल आणि बसणारा डोक्यावर आपटेल. नवे छर्रे मुंबईहून यायला दोन महिने लागतील, तोवर हिला हलवू नका.

आबासाहेबांना दोन महिने थांबायचं नव्हतं. त्यांच्या मनात आता मोटारगाडी भरली होती. आणि त्यांना गिऱ्हाईक मिळालं होतं.

वालूरला बसवराज नावाचा एक माणूस होता. त्याचं लहानसं किराणा दुकान होतं, थोडी शेती होती आणि लाल कंधारी बैलांची अशी जोडी होती की पोळ्याला आजूबाजूच्या गावची माणसं ती बघायला येत. त्याची बायको भागम्मा पहिल्या खेपेला अडली, तेव्हा तो तिला त्याच बैलांच्या गाडीतून दवाखान्यात घेऊन निघाला होता. वाटेतच मूल गेलं. आता ती पुन्हा गरोदर होती, सातवा महिना लागला होता. बसवराजने फटफटीच्या बदल्यात बैलजोडी द्यायचं कबूल केलं होतं.

हे सगळं आबासाहेबांनी चंद्रप्पाला हसत हसत सांगितलं. मग म्हणाले, "आवाज बंद कर. कसा करायचा ते सटवाजीला मालूम हाय. तू फक्त तुंबा खोल आन् झाक."

जिनिंगचा मालक आबासाहेबांचा साडू होता. चंद्रप्पाने मान खाली घातली आणि तुंबा खोलला.

सटवाजीने खाटकाकडून बोकडाची चरबी आणली होती, दोन दिवसांची शिळी. ती त्याने लाकडाच्या भुशात कालवली आणि अंगठ्याने माझ्या तुंब्यात कोंबली, फुटक्या छर्ऱ्यांच्या वर, गंजाच्या वर. जिथे त्या म्हाताऱ्याने मधासारखं वंगण भरलं होतं, तिथे तो लिबलिबीत, आंबूस गोळा बसला. चंद्रप्पा तोंड फिरवून उभा होता. त्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या मांस शिजलं नव्हतं. तरीही शेवटची चकती बसवून पाना त्यानेच आवळला.

चाक फिरवलं. आवाज नव्हता.

मित्रांनो, मला वांती करता येत नाही, म्हणून ते सगळं आतच राहिलं. पण त्या क्षणी चरबीपेक्षा चंद्रप्पाच्या हातांची किळस मला जास्त आली. चरबी बिचारी कुणाची तरी होती आणि कुजणं तिच्या हातात नव्हतं.

आठव्या दिवशी मला वालूरला नेलं. आबासाहेबांचा हुकूम होता की चंद्रप्पानेच मला न्यायचं आणि बसवराजला चालवायला शिकवायचं, कारण चंद्रप्पाने आणली म्हटल्यावर कुणी शंका घेणार नव्हतं. आबासाहेब आणि सटवाजी छकड्यातून पुढे गेले. चंद्रप्पाने वाटभर मला बैलाच्या चालीने चालवलं आणि दर थोड्या वेळाने उतरून तुंब्याला हात लावून पाहिलं. तुंबा तापत होता. आतली चरबी पातळ होऊन तारांवरून ओघळत होती.

दुकानासमोर माणसं जमली होती. बैलांना धुऊन, शिंगं रंगवून उभं केलं होतं. बसवराज माझ्याभोवती फिरला, मग बैलांकडे गेला आणि त्यांच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर आनंद होता.

भागम्मा पोटावर हात ठेवून दारात उभी होती. ती हळूहळू पायऱ्या उतरून माझ्या मागे आली आणि तिने पदर नाकाला लावला.

"चाकाला माशा का लागल्यात?" तिने विचारलं.

सटवाजी घाईने म्हणाला, वाटेत शेणातून आलीय. आबासाहेबांनी बैलांचे दोर सोडायला सांगितलं. पण भागम्मा सटवाजीकडे बघतच नव्हती. ती चंद्रप्पाला म्हणाली, "अण्णा, मी हिच्यावर बसून दवाखान्यात जाणार हाय. तुमी सांगा, बसू का?"

 चंद्रप्पाने सगळ्यांसमोर मला आडवी केली, पाना काढला आणि तुंब्याची चकती खोलली.

आठ दिवसांचा वास बाहेर आला. पुढची माणसं मागे सरकली, कुणीतरी भिंतीकडे जाऊन ओकलं. चरबी हिरवट झाली होती आणि तिच्यात अळ्या वळवळत होत्या. चंद्रप्पाने त्यात उघडा हात घातला. मुठीने तो घाण उपसत होता आणि दुकानाच्या फरशीवर ठेवत होता. मग त्याने त्या लगद्यातून छर्ऱ्यांचे तुकडे वेचले आणि तळहातावर घेऊन बसवराजसमोर धरले.

"हे अडकलं असतं तर तुमी दोघं खाली आला असता," तो म्हणाला. "मला आठ दिवसांपासून ठावं व्हतं. तुंबा म्याच झाकला. नौकरीला भ्यालो."

आबासाहेब एवढंच म्हणाले की उद्यापासून कारखान्यात पाऊल टाकू नकोस, आणि ते भंगार इथंच सडू दे. छकडा वळला. माझ्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही आणि मलाही ते बरंच वाटलं.

बसवराजने चंद्रप्पाकडे पाठ फिरवली. त्याने बैल सोडून गोठ्यात नेले. फरशीवर माशा घोंगावत होत्या. चंद्रप्पा हात शरीरापासून लांब धरून उभा होता. त्या हातांनी त्याला ना पाणी पिता येत होतं, ना लिंगाची पूजा करता येणार होती.

भागम्मा आत गेली. चुलीतली राख आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली. तिने माफ केलं, असं मला वाटलं नाही. तिचा चेहरा तसा नव्हता. पण हात स्वच्छ होईपर्यंत ती पाणी ओतत राहिली. तीन तांबे लागले.

आता भरवशाचं काही नाही, हे कळल्यामुळे बसवराजने दिवस भरायच्या वीस दिवस आधीच भागम्माला बैलगाडीतून सेलूला नातेवाइकांकडे नेलं. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर होता. बाळ आडवं होतं, पण डॉक्टर वेळेत आले. मुलगी झाली. ती आता शाळेत जाते.

चंद्रप्पाने मला वालूरहून सेलूपर्यंत ढकलत आणलं. कारखान्यातली नोकरी गेल्यावर त्याने बाजाराच्या कडेला सायकली दुरुस्त करायचं दुकान घातलं. माझा तुंबा त्याने सात वेळा रॉकेलने धुतला, मुंबईहून छर्रे मागवले आणि एकेक करून बोटाने बसवले. मी आता फार चालत नाही. पण दर अमावास्येला तो माझं मागचं चाक उघडून पाहतो, काही आवाज नसला तरीही.

मित्रांनो, आम्हां यंत्रांना जीभ नसते. दुखलं तर करकरणं एवढंच आम्हाला येतं. त्या करकरीचा राग आला तर येऊ द्या, पण तिच्या तोंडात बोळा कोंबू नका. पाना घ्या आणि उघडून बघा. हात घाण होतील. राखेने धुतले की स्वच्छ निघतात.