सगुणाबायच्या न्हाणीतला दगड

मित्रांनो, मला उचलायला चार माणसं लागतात, आणि चौघांनी उचललं तरी मी सहजासहजी जात नाही. गडब गावच्या एका घरातला मी न्हाणीचा जुना दगड. काळा, चपटा आणि पाठीला खरखरीत. या खरखरीतपणाची लाज नाही, मला अभिमान आहे.

१९६८ साली जनूने मला डोंगराकडून बैलगाडीत घालून आणलं. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. तो आणि त्याची बायको सगुणा, दोघंही धरमतर खाडीलगतच्या मिठागरात राबायची. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की टाचांना भेगा पडतात, भेगांत मीठ शिरतं आणि अशी आग होते की विचारू नका! म्हणून मिठागरातून आलेलं माणूस आधी गोड्या पाण्याने पाय धुतं, मगच घरात शिरतं. जनूने परसात नारळाच्या झापांचा आडोसा केला आणि मला जरा उतार देऊन बसवलं. सगुणा माझ्यावर टाचा घासायची आणि म्हणायची, "हां, आता जीव आला!" तिची चारही पोरं माझ्यावर न्हाली, रडली, साबणासाठी भांडली. पण घसरलं कोणी? छे! नाव नको.

जनू गेला. धाकटा मुलगा कान्हू मिठागर सोडून कंपनीत लागला. गेल्या वर्षी त्याने घरातच नवं बाथरूम बांधायचं ठरवलं. म्हातारीला पावसात परसात जावं लागू नये, हाच त्याचा विचार. मनाचा चांगला आहे तो, उगाच कशाला नावं ठेवू? पेणच्या दुकानात दुकानदार गोविंदाशेटने त्याला भिंतीला टांगलेला कमोड दाखवला, काचेचा पडदा दाखवला, हात पुढे केला की आपोआप वाहणारा नळ दाखवला. पुढे म्हणे नुसतं बोललं की पाणी कोमट करणारे नळ येणार आहेत. नळाशी गप्पा मारायच्या! ऐका म्हणजे झालं. कान्हूने आरशासारखी चकचकीत फरशी निवडली, आणि मला कुंपणाशी टाकलं. राग आला मला, खूप आला. पण मी ठरवलं, इथून हलायचं ते आतच जायला.

फरशी कान्हूने स्वतः बसवली. मिठागरात त्याच्यासारखा सपाट वाफा कोणाचा नसायचा, मग गवंडी हवा कशाला? एक बोट वर नाही, एक बोट खाली नाही. सगळं गाव बघून गेलं.

तिसऱ्याच दिवशी सगुणाबाय आत घसरली आणि मनगट मोडलं.

मनगट जुळलं, पण भीती बसली. आता सून हौसा तिला धरून आंघोळ घालायची आणि दार उघडं राहायचं. जिने जन्मभर खाडीच्या वाऱ्यात दोन पायांवर काम केलं, ती म्हातारी लाजेने मान खाली घालून बसायची. "माजी आंगोल मना करू दे गो," माझी मला करू दे, एवढंच म्हणायची. मला कुंपणाशी ऐकू यायचं आणि काही करता यायचं नाही.

मग एक दिवस तिने कान्हूला हाक मारली आणि फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी जिथल्या तिथे. ना मोरीकडे, ना दाराकडे.

"बघ रं," ती म्हणाली, "तू न्हानी नाय केलीस, आगर केलास. ह्यात मीठ पिकंल. मानूस पडनारच!"

कान्हू पाण्याकडे बघतच राहिला. "आये, चुकलं माजं," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने छिन्नी घेतली आणि स्वतःच्या हाताने सगळी फरशी उखडली.

तो परत पेणला गेला, या वेळी आईला घेऊन. गोविंदाशेट म्हणाला, "आता हीच पद्धत येतेय, बाय. आत शिरताना उंबरा नको, फरशी खरखरीत, धरायला दांडा, हातात घ्यायचा शॉवर आणि बसायला आसन." आसन म्हणून त्याने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली.

"त्यो डबा नको," सगुणाबाय म्हणाली. "माजा धोंडा हाय घरी."

पाथरवटाने माझी एक कड तासली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण आत न्हाणीत, विटांच्या दोन खांबांवर, गुडघ्याइतका उंच बसलो. फरशीला या वेळी गवंड्याने उतार दिला.

मित्रांनो, तुमच्या घरी नवी न्हाणी होईल तेव्हा रंग नंतर निवडा. आधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला विचारा आणि त्याचा पाय ओल्या फरशीवर टेकवून बघा. एवढं कराच.

पहिल्या दिवशी हौसा नेहमीसारखी बादली घेऊन आत आली. सगुणाबाय दांडा धरून माझ्यावर बसली, पाय टेकवून बघितले, परत बघितले.

"तू जा गो," ती म्हणाली. हौसा बाहेर गेली. सगुणाबाय उठली, दांड्याच्या आधाराने दारापर्यंत गेली आणि तिने आतून कडी लावली.