दोरावरचा तांबडा चिमटा

बाबांना जाऊन महिना झाला, तेव्हा चर्चमध्ये त्यांच्यासाठी ठेवलेल्या मिस्सेला, प्रार्थनेला, आई गेली नाही. चर्चच्या घंटा वाजत होत्या तेव्हा ती गच्चीवर चादरी वाळत घालत होती. फादरना काय सांगू, असं मी विचारलं.

"सांग, ज्याला घरी यायचं नव्हतं त्याच्यासाठी मी गुडघे टेकणार नाही."

बाबा गोझो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरून पर्यटकांना पाण्याखाली नेत. मुद्दाम बुडवलेली जुनी जहाजं, खडकातल्या कमानी, सोप्या गुहा, असं सगळं दाखवत. भट्टी मात्र त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. मिठागरांच्या खालची ही घुमटासारखी गुहा फक्त त्यांची आणि विस्तीनकाकांची होती. काका त्यांचे लहानपणापासूनचे सोबती. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातांवर धरलं होतं ते त्यांनीच.

बाबा गेले त्या दिवशी दोघं भट्टीत उतरले होते आणि काका आधी वर आले. त्यांनी पोलिसांना सांगितलं आणि आम्हालाही तेच सांगितलं: खडकावर उभं राहून वाट बघताना त्यांना खाली बाबांच्या विजेरीचा उजेड दिसला. उजेड गुहेच्या तोंडापर्यंत आला, थांबला आणि परत आत वळला. मग दिसला नाही. दुसऱ्या दिवशी सैन्याच्या बुडी मारणाऱ्या जवानांनी बाबांना सगळ्यांत आतल्या दालनातून बाहेर काढलं. टाकीत हवा उरली नव्हती.

कॉफीच्या दुकानात कुणी म्हणे मोठा मासा दिसला असेल, कुणी बाबांचं नाव घेऊन म्हणे, ग्रेत्सूचं वय झालं होतं. आईने यातलं काही मनावर घेतलं नाही. तिला एकच कळत होतं. दार समोर होतं, तरी तो वळला.

गुहेत वाट सापडावी म्हणून बाबांनी बांधलेला दोर अजून आतच होता. गाठी मारत तो त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केला होता. मला तो घरी आणायचा होता. मी आणून देतो, असं काका म्हणाले. दोनदा म्हणाले. एकदा पाण्याला ओढ फार आहे म्हणाले, एकदा जेलीफिश आल्यात. शेवटी म्हणाले, "तुझ्या बाबाला आवडलं नसतं, पोरी."

"काका, मला बुडी मारायला शिकवलं कुणी?"

समुद्र निवळला त्या सकाळी मात्र माझ्याआधी येऊन मिठागरांपाशी उभे होते. टाक्या त्यांनी आधीच उतरवल्या होत्या. नेहमी ते माझी थट्टा करत, पायात पोहायचे पंख घालून चालते तेव्हा बदकीण दिसते म्हणत. त्या दिवशी माझ्या पाठीवरचे पट्टे त्यांनी आवळले, सोडले आणि पुन्हा आवळले.

भट्टीत शिरायचा बाबांचा एक नियम होता. आत जाताना प्रत्येकाने दोराच्या पहिल्या गाठीशी आपला चिमटा लावायचा आणि बाहेर पडताना काढून घ्यायचा. चिमटे आमच्या गच्चीवरच्या तारेवरचे. बाबांचा निळा, काकांचा तांबडा. चिमटे कमी पडतात म्हणून आई दोघांच्या नावाने ओरडायची. चिमटा दोरावर असेल तर माणूस आत आहे, आणि माणूस आत असताना दुसऱ्याने बाहेर यायचं नाही. भट्टीला वरच्या अंगाला एक अरुंद भोक होतं, त्याला ते धुराडं म्हणत. धुराड्यातून निघायला बाबांची सक्त मनाई होती, कारण त्या वाटेने गेलं की चिमटा मागे राहतो.

गुहेच्या तोंडाशी पाणी स्वच्छ होतं. मी विजेरी पहिल्या गाठीवर धरली.

दोन चिमटे होते. निळा, आणि त्याला खेटून तांबडा.

सैन्याच्या माणसांनीही ते पाहिले असणार. त्यांच्या लेखी ते नुसते चिमटे.

मी मागे वळून पाहिलं. काका माझ्याकडे बघत नव्हते. त्यांची विजेरी खाली वाळूवर होती आणि तोंडातून बुडबुडे फार भराभर निघत होते. मी निळा चिमटा काढून घेतला. तांबड्याला हात लावला नाही. तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला आणि आपला चिमटा काढला. मग आम्ही दोर सोडवला, गुंडाळला आणि वर आलो.

खडकावर बसून त्यांनी तोंडावरचं मीठ पुसलं.

"हवा संपत आली होती. घाबरलो. धुराड्यातून निघालो." मग म्हणाले, "त्याचा उजेड वळला तेव्हाच मला कळलं, तो का वळला ते. माझ्या टाकीत काही नव्हतं, पोरी. मी वरून खडकावर दगड आपटत राहिलो. पाण्यात आवाज लांब जातो. म्हटलं, ऐकेल."

मी दोराची गुंडाळी खांद्यावर घेतली.

"आईला काय सांगणार आहेस?"

"मी काहीच सांगणार नाही. चिमटा तुमचा आहे."

ते ओल्या कपड्यांनीच माझ्यामागे चढ चढून घरी आले. आई गच्चीवर होती. जिन्याच्या वरच्या पायरीपाशी ते थांबले आणि त्यांनी मूठ उघडली. आईने तांबड्या चिमट्याकडे पाहिलं. त्याचा अर्थ तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"कुठे होता हा?"

"दोरावर."

"आणि तू?"

"वर. खडकावर."

तिच्या हातातला ओला टॉवेल खाली ठिबकत होता. तिने चिमटा त्यांच्या हातातून घेतला, टॉवेल तारेवर टाकला आणि तोच चिमटा लावला.

"म्हणजे तो घरीच येत होता," ती म्हणाली. काकांना नव्हे, मलाही नव्हे.

काका गुडघ्यांवर बसले. तिने त्यांना उठ म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बादलीतले कपडे एकेक काढून ती वाळत घालत राहिली. मग खाली आली, काळा स्वेटर चढवला आणि संध्याकाळची मिस्सा किती वाजता असते, ते मला विचारलं. जन्मभर ती त्या मिस्सेला जात आली होती.

आम्ही निघालो तेव्हा काका अजून गच्चीवरच होते.