भुताचं चिन्ह

दोघे सख्खे भाऊ, दोघेही सैद्धांतिक भौतिकीतले आणि दोघेही एक नंबरचे हट्टी. थोरला समीकरणात काळाला अधिक चिन्ह देई आणि अवकाशाला उणे. धाकटा नेमकं उलट करी. तसं दोन्ही चालतं, पण एकाच गणितात दोन्ही घुसवलं की बट्ट्याबोळ. दादाने धाकट्याचं अर्धं गणित आपल्या अर्ध्याला जोडलं, तेव्हा चिन्हं बदललीच नाहीत. त्यातून निघालं ऋण ऊर्जेचं क्षेत्र. या धंद्यात त्याला भूत म्हणतात. ते खरं असेल तर विश्व फुगत फुगत शेवटी अणुरेणूंसकट फाटणार. शोध दोघांच्या नावावर गाजला होता, आणि आज त्यावर दादाचं व्याख्यान होतं.

धाकट्याला चूक सापडली ती सभागृह भरत असताना. तो धावतच दादाच्या खोलीत गेला.

"दादा, भूतबीत काही नाही रे. साधं क्षेत्र आहे. विश्व फाटत नाही."

"तोंड सांभाळून बोल."

"फळ्यावर करून बघ. तूच बघ."

दादाने केलं. मध्येच खडू थांबला. मग त्याने वळून धाकट्याच्या तोंडावर ठोसा हाणला. पटलं नसतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. पटलं म्हणूनच तो मारत सुटला. कॉलर धरून डोकं फळ्यावर आपटलं, खाली पाडून बरगड्यांत लाथा घातल्या. वडिलांच्या माघारी ज्याने याला शिकवलं, तोच हा भाऊ.

"गप्प बसशील ना? बोल, हरामखोरा!"

"नाही."

आणखी एक लाथ बसली. मग दादाने शर्ट नीट केला आणि व्याख्यानाला निघून गेला.

गप्प बसलो तर भाऊ राहील, बोललो तर गेला, हे धाकट्याला जमिनीवर पडल्या पडल्या पक्कं कळत होतं. तरी तो भिंत धरून उठला.

तो सभागृहात शिरला तेव्हा दादा विश्वाच्या चिंध्या करत होता. धाकट्याने सरळ फळ्याशी जाऊन एका उण्याचं अधिक केलं. नाकातलं रक्त शर्टावर टपटपत होतं. सगळे डोळे फाडून बघत होते ते चिन्हाकडे.

"म्हणजे दोघांनी काळाचं चिन्ह वेगवेगळं धरलं होतं?" पुढच्या रांगेतल्या प्राध्यापकांनी विचारलं.

"हो," धाकटा म्हणाला.

लोक भराभर आकडेमोड करू लागले. काहीजण हसले. रक्ताबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. रुमाल पुढे आला तो एकट्या दादाचा. धाकट्याला रडू फुटलं, पण रुमाल त्याने घेतला नाही.