चिरचिऱ्याची हजेरी

शिंपीमास्तरांनी दुकान बंद करून सहा वर्षं झाली, तरी त्यांची पहाटेची लगबग काही कमी झाली नव्हती. गावाबाहेरच्या पाणथळीत जायचं, घडीच्या स्टुलावर दहा मिनिटं बसायचं आणि उंच बोरूच्या गवतात लपलेले चिरचिरे पक्षी मोजायचे, हे काम त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी हौसेनं अंगावर घेतलं होतं. चिरचिऱ्या चिमणीहून लहान. तो दिसत नाही, ऐकूनच कळतो. म्हणून वनखात्याच्या तक्त्यावर नियम होता: मोजणाऱ्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं तेवढंच लिहायचं. मास्तरांना तो नियम फारच पटला होता. आठ ऐकले आणि नववा नुसता वाटला, तर ते आठच लिहीत. मापात अंदाज चालत नाही, असं त्यांचं म्हणणं.

गेली काही वर्षं आकडा घटत चालला होता आणि यंदा तर सलग दोन मोजण्यांना भोपळा आला होता. तिसऱ्यांदाही भोपळाच आला, तर पाणथळ राखीव यादीतून निघणार होती आणि तिच्यावर भराव पडणार होता. यादीबाहेरची अर्धी आधीच बुजवून झाली होती. तेव्हापासून मास्तरांच्या गल्लीत दुपारी असा उकाडा होई, की बायको खिडकीला ओली चादर लावी आणि ती तासाभरात कडकडीत वाळे. "तुमचं पाखरू गेलं ते गेलं, जाताना माझा गारवाही घेऊन गेलं," असं ती म्हणायची.

तिसऱ्या मोजणीच्या सकाळी बायकोच चपला घालून दारात उभी राहिली. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणाली. डॉक्टरांनी ते तीन वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मास्तर दोन दिवस धड जेवले नव्हते हे खरं कारण, पण तसं तोंडावर सांगितलं तर ती बायको कसली!

धुकं इतकं खाली उतरलं होतं की पायवाट पावलापुरतीच दिसत होती. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं, काही कळत नव्हतं. बोरूचे शेंडे मधेच वर येत आणि पुन्हा विरून जात. मास्तरांना वाटलं, आपण चालतच नाही आहोत, कुणीतरी हलक्या हातानं आपल्याला पुढं सरकवतंय.

स्टूल त्यांनी बायकोला दिलं आणि स्वतः दगडावर बसून डोळे मिटले. बेडूक ऐकू आला. बगळ्याचं खरखरीत ओरडणं ऐकू आलं. दहा मिनिटं सरली, पण चिरचिऱ्या काही नाही. त्यांनी तक्ता मांडीवर घेतला आणि पेन्सिल टेकवली.

"अहो, ही काय किरकिर लावलीय?" बायको कुजबुजली.

"कुठं काय?"

"ही काय, इथंच! आल्यापासून चाललीय. कान किटले माझे."

मास्तरांनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली. "मला नाही ऐकू येत. करून दाखव बघू."

"इथं? कुणी बघितलं म्हणजे?"

"या धुक्यात कोण बघतंय? कर!"

तिनं आजूबाजूला पाहिलं, ओठ मुडपले आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाली, "चिर्र... चिर्र... चिर्रर्रर्र-चिक."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. दोन आखूड हाका, एक लांब, शेवटी तुटलेली. तोच होता! पाखरं बोरूतच होती. त्यांचा बारीक आवाज तेवढा मास्तरांच्या कानांतून निघून गेला होता. आपण बहिरे होतोय म्हणून इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल. ते हसत होते आणि डोळे पुसत होते.

"आहे गं, आहे तो!"

"मग लिहा की."

"मी कसं लिहू? मी कुठं ऐकलाय?"

"धन्य आहे तुमची!" तिनं कपाळावर हात मारला.

मास्तरांनी तक्त्यावर 'मोजणारा' या शब्दापुढचं आपलं नाव खोडलं, तिचं लिहिलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"मला पाखरांतलं ओ की ठो कळत नाही," ती म्हणाली.

"तुला ऐकू येतं ना? आवाज कुणाचा ते मी सांगितलं. वेगळ्या जागेवरून आला की एक रेघ ओढ. नवी दहा मिनिटं धर."

ती ओठ घट्ट मिटून बसली. एक रेघ. बऱ्याच वेळानं दुसरी. मग लागोपाठ तीन. मास्तर तिच्या बोटांकडं बघत राहिले. एकूण अकरा झाल्या.

तक्त्याची घडी करताना त्यांचे हात थांबले. पाणथळ वाचली होती, पण आता पोटातलं दुसरं दुःख वर आलं. "मला तो आता कधीच ऐकू यायचा नाही गं," ते म्हणाले.

ती उठून त्यांच्या दगडावर, त्यांना खेटून बसली. बोरूत पाखरू ओरडलं, तसं तिनं तोंड त्यांच्या कानाशी नेलं आणि मोठ्यानं ओरडली, "चिर्र... चिर्र... चिर्रर्रर्र-चिक!" ते पुन्हा ओरडलं, ती पुन्हा ओरडली. धुकं विरलं, रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले, तरी ती थांबली नाही.