रिकाम्या खुर्चीचं मत

मी खुर्ची बोलतेय. जेवणाच्या टेबलाची नव्हे, न्हाव्याच्या दुकानातलीही नव्हे. नगरपालिकेच्या सभागृहातली, खुद्द अध्यक्षांची. सुताराने मला घडवलं तेव्हा कागदावर मी सागवानी होते. आतून मी दाबलेल्या भुशाची आहे. पण वर मखमल चढवली आणि पाठ उंच केली, की भुसाही ताठ बसतो. माझ्यावर येऊन बसणाऱ्यांचंही बरेचदा तसंच असायचं.

शेवटचे अध्यक्ष माणूस म्हणून वाईट नव्हते. अंगाने भारी, पण बसायचे हलकेच, जणू मला दुखेल. भाषण रंगात आलं की माझा डावा हात कुरवाळायचे. त्यांच्या समोरच्या रांगेत त्यांच्या थोरल्या वहिनी बसत. त्याही निवडून आलेल्या, पण विरोधी बाजूच्या. इस्पितळात नोकरीला, म्हणून सगळे त्यांना नर्सबाई म्हणत. ड्युटी संपली की पांढऱ्या कपड्यांतच सभेला यायच्या आणि बसल्याबसल्या आधी चपलांतून पाय मोकळे करायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे अध्यक्षांचे सख्खे मोठे भाऊ, गावातले बँडमास्तर. दोघा भावांचं घर एक, चूलही एकच.

भांडण लागलं ते इस्पितळामागच्या मैदानावरून. बँडचा सराव तिथेच चाले, कारण दुसरीकडे कुठेही त्यांना कुणी उभं करत नसे. अध्यक्षांना त्याच जागी चार मजली वाहनतळ हवा होता. गावात गाड्या मोजक्याच होत्या. पण अध्यक्षांचं म्हणणं असं, की आधी जागा केली की गाड्या लाजून का होईना, येतील.

पंचाईत होती ती नियमाची. नगरपालिकेच्या जागेचा वापर बदलायचा तर दर चार सदस्यांमागे तिघांचा, म्हणजे अकरांत नऊ जणांचा होकार लागे, आणि ही अट बदलायलाही तेवढाच. अकरा सदस्यांत अध्यक्षांकडे सहा, नर्सबाईंकडे पाच. सहा जणांत साधेसुधे नियम बदलता येत, मैदान नाही.

अध्यक्ष माझ्यावर बसून बरेच दिवस विचार करत होते. मग त्यांनी एक साधासुधा नियम आणला. जो सदस्य सभेला येणार नाही, त्याची रिकामी खुर्ची ठरावाला 'हो' म्हणते असं धरावं. ज्याला अडचण असते तो धावत येतो, येत नाही त्याला सगळं मान्यच असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. सहा हात वर झाले. नर्सबाईंनी उठून विचारलं, की रिकामी खुर्ची हजर धरायची की गैरहजर? सभेचं कामकाज लिहिणारे चिटणीस नियमाबाहेर श्वासही घेत नसत. ते म्हणाले, मत देते म्हणजे हजरच.

पुढची सभा अध्यक्षांनी भर कामाच्या दिवशी, दुपारी लावली. नर्सबाईंची ड्युटी, कुणाचं दुकान, कुणाची शाळा. विरोधी बाजूचे तिघे जरी अडकले तरी वाहनतळ उभाच, असा हिशेब.

इकडे बँडवाल्यांची झोप उडाली. मैदान जाणारच म्हणून त्यांनी बँडमास्तरांच्या घरात सराव करून पाहिला. शेजारी ओरडतात म्हणून फुंकर न मारता, नुसती बोटं हलवून. पुढच्या कार्यक्रमात प्रत्येक जण वेगळ्या गाण्यात होता आणि ढोलवाला तर संपवून घरी गेला होता. नर्सबाईंनी हे शेजारच्या सदस्याला सांगितलं तेव्हा तो हसला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, आमच्या घरात आता ते काही वाजवतच नाहीत, नुसते वाद्यं पुसत बसतात.

सभेचा दिवस उजाडला आणि गंमत झाली. घरी बसूनही आपला होकार पोचतोय, मग उन्हात कशाला जायचं, असा अध्यक्षांच्या माणसांनी विचार केला. एकाला दात काढायचा होता, एकाला सासऱ्यांना भेटायचं होतं. बाकीचे घरीच आहेत म्हटल्यावर अध्यक्षांनीही निरोप धाडला, 'माझी खुर्ची आहे तिथे, ती बघून घेईल,' आणि जेवून आडवे झाले.

विरोधी पाचही जण मात्र आले. नर्सबाईंनी ड्युटी बदलून घेतली होती.

चिटणिसांनी वाहनतळाचा ठराव वाचला. आम्हा सहा रिकाम्या खुर्च्यांचा होकार, पाच जणांचा नकार. ठराव पडला. पण तो पुन्हा येणार आणि पुढच्या वेळी कुणी आजारी पडलं की मैदान गेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं उठायला लागली. नर्सबाई माझ्याकडे बघत बसल्या होत्या.

"चिटणीस, या खुर्च्या फक्त वाहनतळालाच हो म्हणतात का?" त्यांनी विचारलं.

चिटणिसांनी नियम पुन्हा वाचला. ठराव कोणता, ते त्यात कुठेच नव्हतं. म्हणजे कोणताही, ते घाम पुसत म्हणाले.

एका सदस्याने लगेच नर्सबाईंना आग्रह केला, की आज तुम्हीच अध्यक्षांच्या जागी बसा.

"नको," त्या म्हणाल्या. "तिला रिकामीच राहू दे. तिचं मत हवंय आपल्याला."

मैदान कायम मैदानच राहील आणि हे बदलायला सर्वच्या सर्व सदस्यांची संमती लागेल, असा ठराव त्यांनी मांडला. पाच हात वर झाले, सहा खुर्च्या गप्प राहिल्या. चिटणिसांनी लिहिलं, 'एकमताने मंजूर.' मला कुणी विचारलं नव्हतं. पण विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं, असं आपलं मला वाटतं.

त्या दिवशी घरी काय झालं, ते नर्सबाईंनीच नंतर चिटणिसांना सांगितलं. ताटावर बसलेल्या दिराला वाढता वाढता त्या म्हणाल्या, "भावजी, अभिनंदन. मैदान राखलंत तुम्ही."

"मी? मी तर झोपलो होतो, वहिनी."

"तुम्ही झोपला होतात. तुमची खुर्ची जागी होती."

अध्यक्षांनी वहिनींना शब्दाने दुखवलं नाही. राग काढला तो आमच्यावर. रिकाम्या खुर्च्यांचा नियम तर त्यांनी रद्द केलाच, वर सहाही खुर्च्यांच्या पाठीवर नोटिसा चिकटवल्या. आपण अध्यक्षांच्या इच्छेविरुद्ध मत का दिलं, याचा आठवड्यात लेखी खुलासा करावा. आम्ही केला नाही. खुलासा नाही म्हणजे गुन्हा कबूल, असं ठरून आम्ही निलंबित झालो. निलंबितांना सभागृहात ठेवता येईना, तेव्हा आम्हाला टेंपोत घालून नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत सोडण्यात आलं. मोकळी जागा एकच होती.

टेंपो बाजारातून गेला आणि बघता बघता बातमी पसरली, की अध्यक्षांची खुर्ची गेली. लोक त्यांच्या घरी तोंडं पाडून येऊ लागले. काहींनी दुसऱ्याच कुणाला हार घातले. अध्यक्ष सांगून सांगून थकले, की फक्त खुर्ची गेली आहे, पद तसंच आहे. ऐकून घेणारे मान हलवत आणि धीर देत.

एका संध्याकाळी ते मैदानावर आले. सरावाला नुकतीच सुरुवात होत होती. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन उभे राहिले, बसावं की नाही कळेना. बँडमास्तरांनी वाद्य तोंडापासून दूर केलं. भावाशी ते कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

"बस," ते म्हणाले.

ते बसले. तसेच, हलकेच. बँड वाजू लागला. थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणाले, "दादा, हे बेसूर वाजतंय."

"माहीत आहे. रोज येत जा, सांगत जा."

ते अजून येतात, पण रोज नाही. पावसाने माझा भुसा फुगलाय, मखमल उसवलीय, एक पाय मातीत रुतलाय. फार दिवसांची सोबत नाही माझी. म्हणून तुम्हाला एकच सांगणं. मैदानावरून जाताना मी दिसले, तर घटकाभर बसून जा. रिकामी राहिले की लोक माझं मत मोजतात.