लिसान्द्रोच्या हसण्यातली अकरा चित्रं

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आल्वारादो नावाचं कोळ्यांचं बंदर आहे. तिथल्या थिएटरात वर्षानुवर्षं मी सिनेमा दाखवला. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला आणि गवताने भरलेल्या पेटीतून बोटीने मी इथे आलो. मला चालवणारा माणूस वारला, तेव्हा त्याची मुलगी तोमासा माझ्यापाशी उभी राहिली. खालून लोक ओरडायचे, "अगं, ते शिवणयंत्र नाहीये!" तोमासा वरून उत्तर द्यायची, "तुझ्या तोंडाला टाके घालायचे असतील तर ये वर!"

चित्र नीट दिसलं की माझी आठवण कुणालाच होत नसे. तुटलं की मात्र शिट्ट्या. माझ्या दिव्यापुढे एक छोटा पत्रा होता. फिल्म अडली तर त्याने आपोआप खाली पडून तिला धगीपासून वाचवायचं. खाऱ्या हवेने तो गंजला होता. तोमासाने थिएटरचे मालक एवारिस्तो यांना दोनदा सांगितलं. "चालतंय ना? मग चालू दे," ते म्हणाले.

याच गावच्या मासळीबाजारात लिसान्द्रो सामुदियो टोपल्या उचलायचा. एकोणिसाव्या वर्षी तो राजधानीला पळाला आणि नट झाला. त्याची आई क्रेसेन्सिया, जिला सगळे आदराने दोन्या म्हणत, मासे कापता कापता म्हणाली होती, "चिंध्या घालून नाचायला गेलाय. त्याचं तोंड पडद्यावरसुद्धा बघणार नाही मी." तिने ते पाळलं. त्याचे दोन सिनेमे आले, गाव लोटलं, ती आली नाही.

तोमासाने मात्र ते दोन्ही माझ्याशेजारच्या झरोक्यातून इतक्यांदा पाहिले, की तो कुठे पापणी लववतो तेही तिला ठाऊक होतं. पडद्यावर कुणी दुसरा बोलत असला, तरी ती लिसान्द्रोचं ऐकणंच बघत बसायची. "बघ, नुसतं ऐकतोय आणि रडवतोय," असं ती मला सांगायची. दुसरं ऐकायला होतं कोण?

मग एका सकाळी रेडिओवर बातमी आली. घाटात मोटरसायकल घसरून लिसान्द्रो गेला. सव्वीस वर्षांचा होता, तेव्हाच्या माझ्याच वयाचा.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा शेवटचा सिनेमा बसमधून आला. तोमासाने दुपारी तो एकटीने चालवून पाहिला आणि शेवटचं रीळ संपल्यावर ती खुर्चीत बसूनच राहिली. त्यात लिसान्द्रोला चर्चच्या पायऱ्यांवर गोळी लागते आणि तो मरतो.

रविवारी संध्याकाळी मालक एवारिस्तो धापा टाकत वर आले. "तोमासा, ती आलीय! क्रेसेन्सिया! पहिल्या रांगेत बसलीय!"

"देवा! आणि शेवट?"

"शेवटचं रीळ खराब आलं म्हणून सांगू. माय आहे ती. पोराला पुन्हा मरताना कशी बघेल?"

तोमासाने पहिलं रीळ जागेवर बसवलं. तिने मला सुरू केलं.

थिएटरात कुणी शेंगासुद्धा फोडत नव्हतं. सगळ्यांचं लक्ष पडद्यापेक्षा त्या पहिल्या रांगेकडे. तासभर म्हातारी हलली नाही. शेवटून दुसऱ्या रिळात लिसान्द्रोचा चेहरा पडदाभर आला. आंबा खाता खाता तो कशावरून तरी हसला. आणि ती उठली.

"थांबव! ए पोरी, तिथंच थांबव त्याला!"

"थांबव की गं!" मागून लोकही ओरडले.

असं करायचं नसतं, हे तोमासाला बापाने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. तरी तिचा हात बटणावर गेला. माझी चाकं थांबली. हसरा चेहरा थबकला. दिवा मात्र धगधगत होता. पड, पड, असं मी त्या पत्र्याला विनवलं. तो अर्ध्यावर अडकला.

लिसान्द्रोच्या कानाशी तपकिरी डाग उठला, फुगला आणि गालावर सरकला. खालून म्हातारीची किंकाळी आली. तोमासाने उघड्या बोटांनी तापलेला पत्रा खाली ओढला. अंधार झाला. जळक्या फिल्मचा वास कोंदला.

कंदील घेऊन दोन्या क्रेसेन्सिया जिना चढून आली, तेव्हा तोमासा भाजलेली बोटं छातीशी धरून रडत होती.

"माझं चुकलं, दोन्या. मीच जाळलं त्याला."

"थांबव मी म्हटलं. तू कशाला रडतेस?" म्हातारीने तिची बोटं पाण्याच्या बादलीत बुडवली. "तू ओळखायचीस त्याला?"

"गेल्या वर्षी तो इथं वर आला होता. 'माझा चेहरा नीट दाखवता, आभारी आहे,' म्हणाला. मी नुसतं 'दार लावा, उजेड येतो' एवढंच म्हणाले. चांगलं काम करतोस, हे तीन शब्द तोंडातून फुटले नाहीत माझ्या."

"मी तर तेव्हा त्याच्या तोंडावर घराचं दारच लावून घेतलं होतं, पोरी." ती उठून झरोक्यापाशी गेली आणि तिने विचारलं, "पुढं काय होतं?"

"मरतो तो."

म्हातारीने झरोक्याची कड धरली. "चालव."

तोमासाने फिल्मच्या पट्टीतली जळलेली अकरा छोटी चित्रं कापली, फिल्म सांधली. मी धावू लागलो. माझ्या प्रत्येक दात्यात भीती होती. गोळी सुटली. लिसान्द्रो पायऱ्यांवर कोसळला. कॅमेरा कितीतरी वेळ त्याच्यावरून हटला नाही. खाली बायका हुंदके देत होत्या. म्हातारी डोळे बारीक करून बघत होती.

"तोमासा, श्वास सोडत नाहीये गं," ती हळूच म्हणाली. "छातीसुद्धा हलत नाही. टोपली उचलून दोन पावलं चालला तरी धापा टाकायचा हा! इतका वेळ श्वास कसा धरला असेल पोराने?" आणि मग, पडद्याकडेच बघत, "चांगलं काम करतो."

मित्रांनो, मला नवा पत्रा दुसऱ्याच दिवशी बसला. यंत्राचं काय, त्याला उशिरासुद्धा दुरुस्त करता येतं. ज्या माणसाचं काम तुमच्या काळजाला लागतं, त्याला मात्र आजच सांगा. त्याच्या कानापर्यंत जाईल अशा आवाजात.